लालपरीची ढाल

कढीपत्त्याच्या कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे का बघत होते, तर बोटाला काहीतरी टणक लागलं. उकरून बघितलं तर गुलाबी गोळी. तिच्याशेजारी दुसरी. जरा खाली अर्धवट विरघळलेल्या आणखी काही. म्हटलं, यंदा हा कढीपत्ता एवढा का फोफावलाय ते आत्ता कळलं. ब्लडप्रेशरची गोळी रोज सकाळी मी स्वतः यांच्या हातावर ठेवायचे, हे पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत जायचे, आणि मी बापडी समजायचे की नवरा एकदाचा शहाणा झाला.

गोळ्या धुऊन घेतल्या. दुपारी यांचं ताट वाढलं आणि चटणीच्या जागी त्या वाढल्या.

यांनी ताटाकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. गोळ्यांनी डोकं जड होतं म्हणाले. आणि मला झालंय काय, चांगला हिंडतोय, फिरतोय, असंही म्हणाले.

"मामंजीही हिंडत-फिरतच होते," मी म्हणाले.

बोलायला नको होतं असं नाही, पण ते वर्मी लागलं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला आणि कित्येक वर्षं खाटेवर पडून राहून मग ते गेले. त्यांचं सगळं मी केलं. तोंड धुण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. यांनी उभा जन्म एसटीची गाडी चालवली, सांगलीहून कुठंकुठं गेले, घाटात, धुक्यात, दंगलीत, कशाला म्हणून घाबरले नाहीत. पण वडलांच्या खाटेशी दोन मिनिटं टेकायचं म्हटलं तर काहीतरी काम काढून बाहेर पडायचे. आपलं असं होऊ नये, एवढी एकच भीती होती त्या माणसाला, आणि गोळी घेतली की दुखणं कबूल केल्यासारखं, म्हणूनच तिचं नाव काढलेलं खपत नव्हतं. मला तर दुहेरी भीती. यांना तसं पडलेलं मी बघू शकले नसते, आणि पुन्हा ते सगळं करायची ताकदही माझ्यात उरली नव्हती.

हे ताटावरून उठले. झालं, आमचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरातला अबोला म्हणजे साधासुधा प्रकार नव्हता. त्याला रीत होती. चहापाणी, जेवणखाण, दिवाबत्ती सगळं वेळच्या वेळी. फक्त एकमेकांशी बोलायचं नाही आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं नाही. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याकरवी. पूर्वी तो तिसरा म्हणजे आमचा हर्षद. पोरगं शाळेचा अभ्यास करता करता निरोप्याचं काम करायचं. आता तो नोकरीला पुण्यात होता, म्हणून निरोपांची पंचाईत झाली होती. पण रविवार होता, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही खेळायला बसायचो. अबोला असला तरी खेळ चुकवायचा नाही, हेही रीतीत बसलं होतं.

हा खेळ काय ते सांगते. हे रिटायर झाले आणि घरात बसून पार चिडखोर झाले. भिंतीवरच्या पालीशीसुद्धा भांडायचे. मग हर्षदनं आपला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडून दिला आणि त्यात एक खेळ घातला. राक्षस, गुहा, जादू, तलवारी, आणि जगातली कुठली कुठली माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकत्र हिंडतात. चार-चार जणांच्या टोळ्या करून गुहेत शिरायचं. कानाला हेडफोन लावायचे म्हणजे एकमेकांशी बोलता येतं. यांना ते एवढं लागू पडलं की काही विचारू नका. यांनी चिलखतवाला शिपाई घेतला, मोठी ढाल असलेला, जो सगळ्यांच्या पुढं उभा राहून मार खातो. त्याला नाव द्यायचं होतं. हर्षदनं वाघ-सिंह बरेच सुचवले, पण यांनी आपल्या लाल एसटीचं नाव ठेवलं, लालपरी. डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढलेला दाढीवाला गडी, आणि डोक्यावर तरंगतंय लालपरी.

आणि हा गडी सारखा मरायचा. आयुष्यात ज्या माणसानं गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही, तो खेळात कुणाची वाट न बघता राक्षसाच्या अंगावर जायचा. मग हर्षद मला म्हणाला, आई, तू हीलर हो. म्हटलं, ती काय करते. म्हणाला, लढायचं नाही, मागं उभं राहायचं आणि सगळ्यांना जिवंत ठेवायचं.

"मग त्यात नवीन काय?" मी म्हणाले.

तर अशी मी टोळीची वैदीण झाले. स्वयंपाकघरात शिवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप. हर्षद पुण्याहून जादूगार, आणि चौथी केतकी म्हणून अमरावतीची पोर, फार्मसी शिकणारी, तिच्याकडं धनुष्यबाण. तिची आमची कधी गाठभेट नव्हती, पण काका-काकू म्हणून जीव टाकायची. मी यांना माइकवरही अहोच म्हणायचे. टोळीत अधूनमधून परमुलखातले पाहुणे यायचे, त्यांना वाटायचं या गड्याचं नावच अहो आहे. एक कोलकात्याचा मुलगा तर यांना अहो-दादा म्हणायचा आणि हे मानानं ओ द्यायचे.

आता वैदिणीचं काम कसं असतं, तेवढं ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाकीचे राक्षस बघतात. वैदीण राक्षस बघत नाही. तिच्या पडद्यावर डाव्या बाजूला चार हिरव्या रेघा असतात, एकेका माणसाची एक. मार लागला की रेघ आखडते, पार संपली की माणूस मेला. कुणाची रेघ किती आखडली ते बघून त्याच्यावर मंत्र टाकायचा, की ती परत भरते. माझे डोळे त्या रेघांवरून हलायचेच नाहीत. शिवणाच्या मशीनवर नजर सुईवर ठेवून हातपाय चालवायची सवय, तीच इथं कामाला आली. आम्ही एकदा मोठा अजगर मारला. सगळे आनंदानं नाचत होते आणि मी विचारलं, कुठल्या रंगाचा होता.

यांची रेघ मला तोंडपाठ होती. ती कशी आखडते त्यावरून हे काय करतायत ते कळायचं. त्या रविवारी आम्ही लोखंडी बैलाच्या गुहेत जाणार होतो. तो बैल मधूनमधून हंबरतो आणि हंबरला की धडक देतो. तेवढ्यात ढाल वर घेतली तर नखाएवढी रेघ जाते, नाही घेतली तर अर्धी. आणि आमच्या माने ड्रायव्हरची ढाल वर जाणार म्हणजे जाणारच. घाटातल्या वळणावर ब्रेक लावावा तशी, ना आधी ना नंतर. ढालीचं बटण डाव्या हाताच्या करंगळीखाली, चालायची बटणंही डाव्याच हाताखाली, आणि तलवार उजव्या हातातल्या माऊसवर.

तर संध्याकाळी मी यांच्या टेबलावर चहा आदळला, मान फिरवून स्वयंपाकघरात आले आणि हेडफोन चढवले. शेजारच्यांच्या टीव्हीवर सातच्या बातम्या लागल्या होत्या. कानात यांचा आवाज आला. केतकीला सांगत होते, हीलरबाईंना निरोप द्या की लालपरी निघाली.

केतकी म्हणाली, "काका, काकूंना ऐकू येतंय सगळं."

"तरी पण सांग," हे म्हणाले.

मीही केतकीला सांगितलं की लालपरीला म्हणावं डेपोतून सुटली आहेस तर जरा मागच्या प्रवाशांची वाट बघ. हर्षद हसला. त्यानं लगेच ओळखलं, आई-अण्णांचं बिनसलंय. त्यानं कारण विचारलं नाही, त्याला माहीत होतं की विचारलं तर दोन्ही बाजूंची कैफियत ऐकावी लागेल.

गुहेतून चालत गेलो. हे पुढं, आम्ही मागं. बैल एका कोपऱ्यात असतो. त्याच्यासमोर जाऊन उभं राहिलं की लालपरीनं तिथून हलायचं नसतं. लढाई सुरू झाली. बैल हंबरला, यांची रेघ नखभर गेली. मी भरली. परत हंबरला, परत नखभर. मी मनात म्हटलं, माणूस रागावला तरी हात बरोबर आहे.

मग बैल हंबरला आणि यांची अर्धी रेघ गेली.

मी मंत्रावर मंत्र टाकले. जरा वर येते न येते तोच पुन्हा हंबरडा, पुन्हा अर्धी. केतकी म्हणाली, काका, ढाल घ्या ना. हे म्हणाले, घेतोय की. पण आवाज जरा जाड आला, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. केतकीनं विचारलंही, काका खाताय का काही. हर्षद म्हणाला, नेट स्लो असेल, आई तू सांभाळ जरा.

मी सांभाळत होते, पण डोकं चालू होतं. पहिल्यांदा वाटलं, माझ्यावरचा राग काढतायत, घे म्हणावं पळापळ करायला लावतो तुला. पण नाही. हे असं कधी करायचे नाहीत. घरी आमचं कितीही वाजलेलं असो, स्टिअरिंगवर बसले की त्याची सावलीसुद्धा गाडीवर पडायची नाही, कंडक्टर इलाहीभाई शपथेवर सांगायचे. मग नेट म्हणावं, तर पडद्यावर वर बैलाचीही रेघ असते, जो घाव घालतो त्याचं नाव तिच्याखाली चमकतं, आणि लालपरी सारखं चमकत होतं, म्हणजे यांची तलवार चालत होती. नेट मंद असतं तर तलवारही अडली असती. तलवार चालतेय आणि ढाल नाही. उजवा चालतोय आणि डावा नाही.

"काका, ढाल घेतच नाही आहात तुम्ही," केतकी म्हणाली.

"अगं दाबतोय की बटण," हे म्हणाले, चिडून. "दिसत नाही का तुम्हाला?"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मामंजी जेवायला बसले होते, डाव्या हातातली भाकरी खाली पडली होती, आणि ते म्हणत होते, धरली की भाकरी. आम्ही सगळे हसलो होतो. म्हातारा थट्टा करतोय असं वाटलं. डॉक्टरकडं नेलं दुसऱ्या दिवशी, तेही रात्रीतून तोंड वाकडं झालं म्हणून.

वैदिणीनं भर लढाईतून उठायचं नाही, हा आमच्या टोळीचा पहिला नियम. मी उठले. हेडफोन तसेच गळ्यात, वायर लॅपटॉपमधून निसटली. बाहेरच्या खोलीत गेले तर हे पाठमोरे बसले होते, उजवा हात माऊसवर टकटक करत होता. डावा हात खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. बटणांच्या आसपाससुद्धा नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि दुपारनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डावी बाजू उतरली होती.

"अहो," मी म्हणाले. "डावा हात वर करा."

यांनी माझ्याकडं बघितलं. अबोला मी मोडला म्हणून जरा जिंकल्यासारखं हसले, ते हसू अर्ध्याच तोंडावर आलं. म्हणाले, "हा काय, केला की."

हात तिथंच लोंबत होता. मी यांच्या कानावरचे हेडफोन ओढून घेतले आणि त्यात बोलले, हर्षद, अण्णांचा डावा हात गेलाय, तोंड उतरलंय, मी दवाखान्यात नेते. हर्षद म्हणाला, मी इलाहीचाचांना फोन करतो, ते गाडी काढतील, तू अण्णांपासून हलू नकोस.

पण मी हलले. मी गोळीकडं धावले. एवढंच डोक्यात की प्रेशरची गोळी पोटात गेली नाही म्हणून हे झालंय, तर आता एक सोडून दोन घालते. गोळ्या तळहातावर, तांब्या दुसऱ्या हातात, आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून केतकी ओरडत होती. मी कानाला लावले.

"काकू, त्यांना काही देऊ नका," ती म्हणाली. पोरीचा आवाज थरथरत होता पण शब्द स्वच्छ होते. "पाणी नाही, गोळी नाही. घशात अडकेल, आणि प्रेशर एकदम उतरलं तर आणखी वाईट. स्कॅनची सोय आहे तिथंच न्या. आत्ताच्या आत्ता."

मी तांब्या खाली ठेवला. त्या पोरीचं तोंड मी तोवर बघितलेलंही नव्हतं, पण देवाचा माणूस म्हणतात तो तोच.

इलाहीभाई मुजावर दोन गल्ल्या सोडून राहायचे. लुंगीवरच ओम्नी घेऊन आले. त्यांनी आणि मी मिळून यांना गाडीत घातलं. हे सारखे म्हणत होते की बैल मरायला आला होता, अर्धवट सोडून कुठं नेताय मला. आपल्याला काही झालंय हे यांना कळतच नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. इलाहीभाई म्हणाले, मानेसाहेब, डबल बेल दिलीय, आता गप बसा. आणि खरंच बसले.

मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, शिराळकर नावाची. तिनं यांना बघता बघताच स्कॅनची तयारी करायला सांगितली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाली, डोक्यात रक्ताची गाठ अडकलेली दिसतेय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण ते सुरुवातीच्या थोड्या तासांतच देता येतं. उशीर झाला असेल तर त्यानंच डोक्यात रक्तस्राव व्हायचा. म्हणून हे कधी सुरू झालं, ते नक्की कळायला हवं.

"तुम्ही त्यांना शेवटचं ठणठणीत कधी बघितलंत, काकू?"

बघितलं कुठं होतं मी? दुपारच्या ताटानंतर मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. चहा ठेवला तोही मान फिरवून. दिवसभर एका घरात राहून आम्ही एकमेकांचं तोंड चुकवत हिंडलो होतो. हात चारला गेला की पाचला, कुणाला ठाऊक. मी खरं ते सांगितलं, की दुपारी जेवताना.

तिचा चेहरा पडला. म्हणाली, मग दुपारपासूनचं धरावं लागेल. तेवढा वेळ झाला असेल तर नाही देता येणार. अंदाजानं द्यायचं औषध नाही हे.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डोळ्यांसमोर मामंजींची खाट आली, ती खोली, तो वास, आणि खाटेवर हे. आमच्या मेल्या अबोल्यानं माणूस जातोय, एवढंच सुचत होतं. भिंतीला टेकले. इलाहीभाईंनी पाणी पुढं केलं ते घेतलं नाही. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की तोंडाकडं मी बघितलं नव्हतं, पण त्यांच्याकडं मी सारखी बघत होते. त्या रेघेकडं.

डॉक्टरीण निघाली होती. मी तिचा हात धरला.

"सातला डावा हात चालत होता," मी म्हणाले. "मी सांगते कसा ते."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मला माहीत. बैल, गुहा, लालपरी, सगळं एका श्वासात. शेजारच्या बाकावरच्या बाईला वाटलं असेल, हिच्यावरच उपचार करायला पाहिजेत. पण डॉक्टरीण थांबून ऐकत होती. सातच्या बातम्या लागल्यावर खेळ सुरू झाला. हे गुहेतून चालत गेले, आणि चालायचं डाव्या हातानं. दोन हंबरड्यांना ढाल वर गेली, तीही डाव्या हातानं. तिसऱ्याला गेली नाही. त्यानंतर एकदाही नाही.

"हात हलताना तुम्ही बघितला?" तिनं विचारलं.

"हात नाही बघितला. मी हीलर आहे, रेघ बघितली."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, "ढाल माऊसवर नाही ना ठेवलेली? काही जण ठेवतात."

हे विचारणं म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मला तिथंच तिच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्या शब्दावर तिनं सोडलं नाही, आणि ते बरोबरच केलं. हर्षद पुण्याहून निघाला होता, त्याला फोन लावून दिला. बटणं त्यानंच लावून दिलेली, तिनं त्याला दोनदोनदा विचारून घेतलं. केतकीलाही विचारलं. केतकीनं तर ढाल वर जाताना डोळ्यांनी बघितली होती. ती म्हणाली, पहिल्या दोन धडका काकांनी बरोबर अडवल्या, मी शेजारीच उभी होते. अमरावतीत बसून शेजारीच उभी होते म्हणाली, आणि डॉक्टरिणीनं ते मान हलवून मान्य केलं.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. वेळ अजून हातात होता. तरीही धोका आहे म्हणाली, शंभरातल्या काहींना या औषधानंच डोक्यात रक्तस्राव होतो, तुम्ही ठरवा. मी यांना विचारायला आत गेले, तर हे म्हणाले, मला इंजेक्शन कशाला, मी बरा आहे. म्हणजे ठरवायचं मलाच होतं. मुलगा रस्त्यात, नवरा असा, आणि मी दहावी नापास बाई. पण खरं सांगू का, फार वेळ लागला नाही. मामंजींची वर्षं मी मोजलेली होती, यांच्या वाटणीला तसली वर्षं जाऊ द्यायची नाहीत एवढं पक्कं होतं.

"द्या," मी म्हणाले.

मग बसून राहणं आलं. खेळात मंत्र टाकला की रेघ लगेच भरते. इथं नळीतून थेंब थेंब जाणार आणि आपण दाराबाहेर बाकावर. कुणाची रेघ दिसत नाही, काही करता येत नाही. इलाहीभाई त्यांच्या पद्धतीनं दुआ म्हणत होते, मी माझ्या पद्धतीनं नरसोबाला साकडं घालत होते, आणि केतकी मधून मधून फोन करून नुसती लाइनवर थांबायची. हर्षद आला तेव्हा मी त्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता एवढं आठवतं.

उजाडल्यावर आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीण रात्रभर जागीच असावी, डोळे लाल झाले होते. तिनं यांना सांगितलं, मानेकाका, डावा हात वर करा.

या वेळी हे 'केला की' म्हणाले नाहीत. चादर हलली. आधी बोटं, मग मनगट, मग अख्खा हात चादरीच्या बाहेर आला आणि थरथरत खांद्यापर्यंत वर गेला. तिथं थांबला. यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हा गेला होता?" यांनी विचारलं.

"गेला होता," मी म्हणाले.

यांचे डोळे भरून आले. उभ्या संसारात मी या माणसाला रडताना बघितलं नव्हतं, स्वतःचा बाप गेला तेव्हासुद्धा नाही. मग मीही लाजले नाही. हर्षद, इलाहीभाई, डॉक्टरीण सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. देव पावला म्हणायचं की त्या पोरी पावल्या, मला सुचत नव्हतं. जिवात जीव आला एवढं खरं. रात्रभर छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. अख्ख्या अंगाला एकदम भूक लागली.

डॉक्टरिणीनं यांना आधी चमच्यानं पाणी पाजून बघितलं, नीट गिळता येतंय ना याची खात्री केली आणि म्हणाली, चहा द्यायला हरकत नाही. सगळं एकदम पूर्वीसारखं होणार नाही, व्यायाम करावा लागेल, गोळ्या चुकवायच्या नाहीत. हे शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते. हर्षदनं खालून चहा आणला. मी कप यांच्या ओठाशी धरायला गेले, तर यांनी मान मागं घेतली आणि डावा हात पुढं केला.

मी कप त्या हातात दिला. बोटं कपाभोवती वळली, एकेक करून, सावकाश. कप उचलला गेला, तोंडापर्यंत आला, एक घोट आत गेला, आणि मग मनगट कललं. निम्मा चहा पांढऱ्या चादरीवर सांडला. नर्स फडकं घ्यायला धावली.

"अगं, सांडला," हे ओशाळून म्हणाले.

"सांडू दे," मी म्हणाले. "दुसरा मागवते, तोही सांडा."